मधल्या तरीचं माप

"उदंऽऽड होऽऽ!"

धाकू तांडेलाची हाक पाण्यावरून सरकत काठाला आली. मी वहीत आडवी रेघ ओढली. रेघ म्हणजे बारा हातांचा बांबू तळाला टेकला नाही. पाणी त्याहून खोल.

"हर्डीकर, रेघ ओढायला एवढा वेळ?" दुर्बिणीचा डोळा न सोडता नाडकर्णी साहेब खेकसले. "ही ओहोटी आहे, तुमच्या वडिलांचं कीर्तन नव्हे. मंडळी जमेपर्यंत थांबत नाही ती. पुढचं!"

"होय साहेब."

एकोणीसशे दहा सालची कार्तिकी पौर्णिमा. सकाळचे सात वाजत होते. कालवी नदीच्या खाडीची मोजणी करून नकाशा करायचा, म्हणून आम्ही चौघं-पाचजण महिनाभर तिच्या काठानं तंबू हलवत होतो. करंबे गावापासून मुखाशी असलेल्या शिरसई बंदरापर्यंत वाफेची लाँच सुरू व्हायची होती. भरतीच्या पाण्यात काय, नाव कुठूनही जाते. भर ओहोटीला लाँच कुठून जाईल, ती वाट आम्हांला शोधून कागदावर आणायची होती. त्यासाठी पौर्णिमेची ओहोटी धरलेली, कारण तेव्हा पाणी सगळ्यांत खाली जातं. ती टळली तर पंधरा दिवस बसून राहावं लागे.

काम असं चाले. धाकू तांडेल होडी घेऊन या काठाहून त्या काठाकडे निघायचा. दर वीस-पंचवीस हातांवर थांबून बांबू पाण्यात सोडायचा आणि किती हात पाणी ते ओरडून सांगायचा. साहेब त्याच क्षणी दुर्बिणीतून होडीची जागा पकडायचे. मी काठावर खोक्यावर बसून दोन्ही गोष्टी लिहून घ्यायचो. त्या दिवशी सूर्य नेमका समोर, होडीच्या पाठीशी होता आणि पाण्यावर धुकं. मला होडी दिसत नव्हती, तांडेल दिसत नव्हता. नुसता आवाज यायचा.

पण काय आवाज होता! साठीचा माणूस, पण गळा असा की माझ्या वडिलांनी त्याला मागे धृपद धरायला उभं केलं असतं. आकडा तो नुसता सांगायचा नाही. लांबवायचा, हेलकावा द्यायचा आणि अलगद खाली ठेवायचा. मी हरदासाचा मुलगा. वडील अनंतबुवा गावोगाव कीर्तनं करायचे आणि मी दहाव्या वर्षापासून त्यांच्या मागे झांज धरून उभा. मास्तरांचा पाढा माझ्या डोक्यात कधी राहिला नाही, पण पेटीच्या सुरात कुणी काही म्हटलं की ते काळजात उतरायचं. तांडेलाची मापं मी तशीच ऐकायचो.

"साऽऽत होऽऽ!"

सात.

"पाऽऽच होऽऽ!"

पाच.

मग जरा जास्त वेळ गेला. आणि मग, जणू उत्तररंगाला टिपेचा सूर लावावा तशी हाक आली, "लाऽऽभ! लाभ होऽऽ!"

माझ्या अंगावर काटा आला. भर खाडीत म्हाताऱ्याला देव आठवला! एवढं पाणी लाभलं, म्हणून तो त्या जलदेवतेला हात जोडत असणार. मी रेघ ओढली. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक आली. पुन्हा रेघ. त्यानंतर "उदंड, उदंड".

साहेबांनी मान वळवली. "काय म्हणाला तो? लाभ?"

"खोल पाणी, साहेब. उदंड म्हणतो तसंच. भाविक माणूस आहे."

नाडकर्णी कारवारकडचे. आमच्या मुलखातली बोली त्यांच्या अंगवळणी पडली नव्हती. "इथल्या लोकांना सरळ आकडा बोलायला काय होतं, देव जाणे," असं पुटपुटून त्यांनी डोळा पुन्हा काचेला लावला.

होडी काठाला आली तेव्हा तांडेल बांबू पुसत माझ्यापाशी आला. मला तो 'धाकले बुवा' म्हणायचा, आणि आपणच धाकू असल्यामुळे दर वेळी स्वतःच हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

"धाकले बुवा, लाभ नीट लिवलात ना? दोनदा सांगितला."

"लिहिला हो, तांडेल. तुमचा लाभ कसा विसरेन?"

"इसरू नका. जपायचा हाय तो."

मी त्याला मनोमन नमस्कार केला. केवढी ही श्रद्धा, असं वाटलं. आता सत्तरी उलटली तरी ते वाटणं आठवलं की कानांच्या पाळ्या तापतात.

पुढच्या आठवड्यात नकाशाचा कागद शिरसईला गेला. लाँचची वाट साहेबांनी लाल शाईनं आखली होती. मधल्या तरीपाशी, म्हणजे होडीनं लोक खाडी ओलांडतात त्या जागी, ती वाट ऐन मधून नेली होती. माझ्या रेघा एकापुढे एक आल्या होत्या तिथून.

महिना गेला. मार्गशीर्ष आला. तरीवरच्या वाडीत दत्ताचं देऊळ होतं आणि तिथं जयंतीचा सप्ताह बसला होता. वाडीच्या मंडळींनी विचारलं, "बुवांना बोलवाल काय?" मी तर वाटच बघत होतो. वडिलांना पत्र टाकलं: लाँच सुरू होते आहे, चतुर्दशीला पहिली फेरी आहे, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेऊ नका, लाँचनंच या, ज्या वाटेनं याल ती तुमच्या मुलाच्या हातची आहे. शेवटचं वाक्य लिहून मी ते दोनदा वाचलं होतं.

चतुर्दशीला लाँच तीन वाजता शिरसईहून निघून पाचच्या सुमारास तरीपाशी यायची होती. चार वाजता मी प्रसादासाठी तांदूळ सांगायला वर खोतांच्या खळ्यावर गेलो. झोडणी उरकली होती. भाताची रास पडली होती, तिच्यावर झेंडूचं फूल, बाजूला उदबत्ती. राशीपाशी धाकू तांडेल गुडघे मोडून बसलेला. खाडीचं काम नसेल तेव्हा हा गावचा मापारी, हे मला त्या दिवशीच कळलं. त्यानं पायली राशीत खुपसली, हातानं सपाट केली आणि कणगीत ओतताना म्हणाला,

"लाऽऽभ."

मी हसून थांबलो. दुसरी पायली पडली.

"दोऽऽन."

तिसरी.

"तीऽऽन."

मी तसाच उभा. माझं हसू कुठं गेलं कळलं नाही.

"तांडेल," मी म्हणालो, "एक कुठं गेला?"

"चाऽऽर. कंचा एक?"

"दोनाच्या आधीचा."

खोतीणबाई सुपानं वारा घालत होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो बुवा, मापाला एक म्हणतात होय? एकटा दाणा, एकटा जीव! पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. तुमच्या घरी धान्य मोजत नाहीत वाटतं?"

आमच्या घरी खरोखरच मोजत नसत. कीर्तनाच्या ताटात जे पडेल ते उपरण्यात बांधून यायचं. खळं मी लांबून पाहिलेलं. तिथं काय बोलतात ते ऐकायला कधी उभा राहिलो नव्हतो.

"तांडेल." मी राशीपाशी खाली बसलो. "त्या दिवशी, पौर्णिमेला, तरीच्या मधोमध तुम्ही लाभ म्हणालात."

"म्हनलो. थयंच तर कातळ हाय. एक हात पानी त्याच्यावर. चारी बाजूंनी खोल आनि मधीच वर आलाय. गढूळ पान्यात दिसायचा नाय. आमच्या होड्या त्याला वळसा घालतात." त्यानं पायली राशीवर ठेवली. "कशापाय इचारता? तुमी लिवलात ना?"

"मी बारा हातांच्या वर लिहिलं."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो उठला. गुडघ्यावरची धूळसुद्धा झटकली नाही.

"किती वाजले, खोतीनबाय?"

"लाँच बघायला सगळी पोरं केव्हाच गेली. साडेचार झाले असतील."

आम्ही उतरणीवरून धावत सुटलो. साठीचा म्हातारा माझ्यापुढे होता. धावताना मी एकच हिशेब करत होतो: लाँचवर चाळीस माणसं, ट्रंका, बोचकी, पेटी, आणि वडील. वडिलांना पोहता येत नाही. मलाही येत नाही. आमच्या घरात सगळे भवसागर तरायचं शिकले, पाणी तरायचं कुणीच शिकलं नाही.

तरीवर माणसांची जत्रा. ढोल आणलेला. झावळ्यांची कमान. मी ओरडलो, "हात करा! लाँच थांबवा! पुढं कातळ आहे!"

"करतोच हाय की!" कुणीतरी म्हणालं. खरंच, दोन्ही काठांवर माणसं आधीपासून पंचे, फडकी, टोप्या हलवत उभी होती. पहिली लाँच येते आहे म्हणून. तिच्यावरून बघणाऱ्याला माझं ओरडणं आणि त्यांचा जयजयकार सारखाच दिसला असता. ढोल बडवणाऱ्याचा मी हात धरला, तर त्यानं मला झांजा आणून दिल्या. "बुवा, तुमी वाजवा! तुमचे वडील येतायत!"

वळणापलीकडून भोंगा ऐकू आला.

"इकडं!" तांडेलाची हाक आली. तो होडीपाशी पोचला होता, पण होडी चिखलात बसलेली. ओहोटीनं पाणी वीस हात मागे नेलेलं. मी कमरेला धोतर खोचून चिखलात उडी मारली. पोटरीपर्यंत रुतलो. दोघांनी खांदा लावला, होडी हलेना.

"जोर लावा, बुवा!"

"लावतोय!"

"कीर्तनातला नको, पायातला लावा!"

होडी खरडत, फसत, एकदाची पाण्याला लागली. मी आत कोसळलो. तांडेलानं वल्ह्याचे चार तडाखे मारले असतील नसतील, तोच वळणावरून लाँच बाहेर आली. पांढरी, नवी, वर धुराचा झेंडा. सरळ मधून. ज्या रेषेत मी तिला बोलावलं होतं, त्याच रेषेत ती येत होती.

"आपण तिच्यापर्यंत पोचू?"

"नाय पोचनार. आपन कातळावर जाऊ."

"कातळावर जाऊन काय?"

 तांडेल दात आवळून वल्हवत राहिला. मग एकदम वल्हं आडवं घातलं, होडी थरथरून थांबली. सगळीकडे सारखंच पाणी, मातकट, मंद वाहणारं. इथं काही असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"उतरा," तो म्हणाला.

"काय?"

"उतरा बुवा. मी होडीत उभा राह्यलो तर त्यांना होडी दिसंल. होडी सगळीकडंच असते. पान्यात उभा मानूस दिसला पायजे."

मी होडीची कड धरून खाली बघितलं. पाण्याला तळ दिसत नव्हता.

"तांडेल, मला पोहता येत नाही."

"पवायचं कुठं हाय? उभं राह्याचं हाय. माझं माप खोटं नाय, बुवा. एक हात."

भोंगा पुन्हा वाजला. लाँचच्या टोकाशी पाणी फुटताना मला दिसलं. दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि पाय बाहेर टाकला.

थंड पाणी पोटरीवर चढलं, गुडघ्याशी आलं आणि थांबलं. तळव्याखाली खरखरीत दगड लागला. दगडाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारेनं दोन्ही पाय कापले, ते मागाहून कळलं. मी सरळ उभा राहिलो. दोन्ही हात डोक्यावर नेले. तांडेलानं होडी बाजूला काढली, आणि भर खाडीच्या मधोमध मी एकटा, गुडघाभर पाण्यात.

लाँच येतच राहिली. मला चाकाशी उभा सारंग दिसला, त्याच्या शेजारी कागद धरून नाडकर्णी साहेब. मागे लोकांची दाटी. मग कुणीतरी बोट दाखवलं. मग सगळेच उठून उभे राहिले. ढोल थांबला. काठांवरचे हात आपोआप खाली आले.

सारंगानं चाक फिरवलं. घंटा घणघणली, लाँचच्या मागे पाणी उसळलं, धूर भस्सकन उलटा आला. ती हळू झाली, तिरकी झाली, तरी वाहत येत होती. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर पडलो असतो. पंधरा-वीस हातांवर येऊन ती थांबली. तिची लाट माझ्या मांड्यांवर आपटली. मी डगमगलो, पायांच्या बोटांनी दगड धरला, पुन्हा उभा राहिलो.

लाँचवर एका बाईनं हात जोडले. "दत्तगुरू! पाण्यावर उभा हाय!" तिच्या मागून आणखी दहा-बाराजणांनी जोडले. कुणीतरी नारळ पुढे केला.

"हर्डीकर!" साहेब ओरडले. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तिथं बारा हातांच्या वर पाणी आहे!"

"साहेब, तिथंच उभा आहे मी."

"ही वाट तुमच्या वहीवरून आखली! तांडेल! माप तू घेतलंस! काय सांगितलं होतंस?"

तांडेल होडीत वल्हं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. तो एवढं म्हणाला असता, 'चुकलो साहेब,' तर तिथंच सगळं मिटलं असतं. साहेबांनाही तेच सोयीचं होतं. कारकुनाची चूक म्हणजे त्यांची चूक, तांडेलाची चूक म्हणजे अडाण्याची. मला ते कळलं. तेवढ्यात मला वडील दिसले. कठड्याला धरून उभे होते. अंगावर कीर्तनाचं उपरणं, कपाळाला बुक्का. भिजू नये म्हणून पेटी कुणा पोराच्या डोक्यावर दिलेली.

"त्यांनी बरोबर सांगितलं होतं," मी म्हणालो. आवाज वडिलांनी मला शिकवलं होतं तसा पोटातून काढला. "एक हात म्हणाले होते. दोनदा म्हणाले. वर मला विचारून घेतलं, नीट लिहिलंस ना. मला त्यांचा शब्द कळला नाही, आणि कळला नाही असं मी म्हटलं नाही. रेघ माझी आहे."

 हात जोडलेल्या बाईनं विचारलं, "म्हंजे?"

"म्हणजे हात खाली घ्या, बाई," वडील म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून स्पष्ट आला. "तो माझा मुलगा आहे. तो एवढा उंच नाही. कातळ उंच आहे."

दोघं-तिघं हसले. वडील हसत नव्हते. त्यांनी माझ्यावरची नजर काढून तांडेलाकडे वळवली आणि कठड्यावरून वाकून त्याला नमस्कार केला. गावोगाव लोक त्यांना करत तसा, पुरता वाकून.

"तांडेलबाबा, आमची चाळीस माणसं तुम्ही पलीकडे न्या. माझा मुलगा नीट ऐकायला शिकलाय, असं मी पाच तालुक्यांत सांगत हिंडलो. ती चूक माझी."

त्या वाक्यानं मला जे झालं ते कालवांनी पायाला झालं नव्हतं.

तांडेल उभा राहिला. "सारंग, डाव्या हाताला या. माझ्या होडीच्या मागनं, हळू. मी म्हनल्याबिगर यंत्र सोडू नका." मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "धाकले बुवा, तुमी हलू नका. तुमी हायसा तवर कातळ दिसतोय. तुमी गेलात तर मला पन अंदाजानं जायला लागंल."

"पाणी चढतंय, तांडेल."

"भरती लागली. हळू चढंल. हलू नका."

मी हललो नाही. लाँच मागे गेली, आडवी झाली, प्रवाहानं दोनदा माझ्याकडे ढकलली गेली. दोन्ही वेळा सारंगाची घंटा आणि तांडेलाचं "थांऽऽब होऽऽ" एकदम. पाणी गुडघ्यावरून मांडीला आलं. ऊन उतरलं. काठावर कुणी पोर रडायला लागलं, त्याला कुणीतरी दटावलं. तांडेल बांबू टाकत पुढे जात होता, लाँच त्याच्या मागे पावलापावलानं. मी मनात नाम घ्यायला लागलो आणि मध्येच सोडलं. नाम घेताना मन रमतं, आणि मला रमायचं नव्हतं. मी नुसता आकडे ऐकत राहिलो. पाच. साडेपाच. सात. प्रत्येक आकडा मी ओठांनी पुन्हा म्हटला.

लाँच माझ्या डाव्या बाजूनं गेली. इतक्या जवळून की वडिलांच्या उपरण्याचा काठ मला दिसला. त्यांचे ओठ हलत होते. मला हाक मारली असेल, किंवा देवाला. यंत्राच्या आवाजात कळलं नाही. मी मान वळवली नाही.

मग ती पलीकडे गेली. पलीकडे गेल्यावर एकदम वेग घेतला, आणि तरीवरचा ढोल सुरू झाला.

पाणी कमरेला आलं तेव्हा होडी माझ्यापाशी लागली. तांडेलानं हात पुढे केला.

"चला बुवा. गेली लाँच. समदी उतरली. तुमचे बाबा काठावर उभे हायत."

मी त्याचा हात धरला, पण पाय उचलेना. बोटं दगडाला अशी धरून बसली होती की सोडवू म्हटलं तरी सुटत नव्हती.

"तांडेल," मी म्हणालो, "मागून आणखी कुणी येत नाही ना?"

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. होडीत उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून खाडीच्या वळणापर्यंत सगळं पाणी त्यानं सावकाश बघितलं, या काठापासून त्या काठापर्यंत. मग खाली बसला.

"नाय," तो म्हणाला. "आता कोन नाय. या."